गट नंबर दोनशे सतरा

त्या पंधरवड्यात मी ग्रामपंचायतीचा शिपाई नव्हतो,
खापरांचा हमाल होतो.
प्लास्टिकच्या पिशव्या, प्रत्येकीत चिठ्ठी:
कोळतळ, तालुका माण, गट नंबर, तारीख,
खाली पेन्सिलीनं कुणाचा बांध ते.

पाहणीवाल्या बाई डॉक्टर होत्या, पण सुईच्या नव्हेत.
चालायच्या मान खाली घालून.
म्हाकू खांडेकरनं मेंढरं थांबवून विचारलं,
बाईंचं काय पडलंय का?
"पडलंय," त्या म्हणाल्या, "पण माझं नाही."

मग मलाही दिसायला लागलं,
आणि एकदा लागलं की थांबत नाही ते.
नांगरटीत तांबडा तुकडा, आतून काळा;
ओढ्याच्या थडीला गारेची पाती, नखाएवढी,
अजून धार आहे. माझं बोट कापलं.
हजारो वर्षं झाली असतील हिला शेवटचं वापरून,
बाई म्हणाल्या,
आणि पर्समधून चिकटपट्टी काढली.

पांढरीचं टेकाड दाखवताना मात्र लाजलो.
अर्धं आम्हीच नेलंय, गाडीगाडीनं,
धाब्यावर घालायला.
ही माती गळत नाही, असं म्हातारे सांगायचे.
म्हणजे जुनं गाव आमच्या डोक्यावर आहे,
त्यांच्या चुलीची राख, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे,
हाडं, बहुतेक बकऱ्यांची,
आणि खाली आम्ही क्रिकेट बघतो.
बाई शिडी लावून खातूनबी मुलाणीच्या धाब्यावर चढल्या,
शिशाचं नाणं घेऊन उतरल्या.
खातूनबीनं नाण्याकडं बघितलंसुद्धा नाही,
म्हणाली, भोक बुजवलं का?

गाढवाचा दगड माणगंगेच्या काठी, धुण्याचा.
बाईंनी ओलं फडकं फिरवलं, अक्षरं वाचली,
अर्थ सांगता सांगता थांबल्या.
"शिवी आहे. दान मोडणाऱ्याला."
बायका हसल्या. शिवी त्यांना दगडाआधीची पाठ होती.
पण कुणाचं दान आणि काय दिलेलं,
ती ओळ गोधड्यांनी खाल्ली.

राहिला दोनशे सतरा.
बाभळीखाली वीर, कमरेपर्यंत मातीत,
वर शेंदूर इतका की ढाल की पोट कळू नये.
काळेल म्हणतात आमचा, तुपे म्हणतात आमचा,
दोघांचा नारळ, दोघांचं भांडण.
गाई सोडवताना पडला, एवढंच दोघांना मान्य.
शेंदराखाली लेख असणार, बाई म्हणाल्या,
थोडा खरवडू दिलात तर नाव कळेल.
गेनबा खोमणे पूजा करतो. तो बराच वेळ
चंची उघडून तंबाखू शोधत राहिला.
"आन नाव तिसऱ्याचंच निगालं तर?"

बाईंनी वहीत 'वाचन नाही' लिहिलं. गाडी गेली.

पुढच्या वैशाखात कवच आपोआप सुटलं.
पहाटे गेनबानं मला हाक मारली, दुसऱ्या कुणाला नाही.
आडवी पडलेली पाठ, तांब्याच्या परातीएवढी,
आम्ही दोघांनी उलटी केली.
आतल्या बाजूला अक्षरं होती.
शेंदराची, उठलेली, उलटी,
आरशात दिसावीत तशी.
मी बोट फिरवलं, तेच, कापलेलं.
एक वळण, एक काना, मग बैलाच्या शिंगासारखं काहीतरी.
मला ती लिपी येत नाही.
फोन खिशात होता.

गेनबा माझ्या खिशाकडं बघत होता.

दिवस उगवायच्या आत नदीला गेलो.
पाणी घोट्याएवढं, कवच बुडेना,
गाढवाच्या दगडाशी अडकलं,
तिथंच विरघळत राहिलं, लाल,
आणि धुण्याला येणाऱ्यांनी त्या दिवशी
पांढरे कपडे परत नेले.

वीर पुन्हा शेंदरात आहे. भांडणं चालू आहेत.
बाईंनी दिलेली वही अजून माझ्याकडं असते,
तीत दोनशे सतरापुढं
मी माझ्या अक्षरात भरलंय:
दगड, एक. उभा.
नाव: आहे.