दोन गाठींमधलं अंतर

एस्पान्योलातल्या आमच्या दुकानात
लोक येतात ते गाडी खाली आणायला.
कुणाला हवं असतं, खालून सिगारेटचं पाकीट सरकू नये,
कुणाला, वळणावर ठिणग्या उडाव्यात.
बावीस वर्षं मी या काउंटरमागे.
किती इंच, एवढंच विचारायचं असतं.
का, ते विचारायचं नसतं.

त्रांकिलिनो आर्चुलेता आला तो सुतळी घेऊन.
बाहेर त्र्याण्णवची शेवी, रंग एकेकाळी वांगी,
हौद्यात पिन्योनच्या सरपणाचा भुसा,
आणि टेलगेटवर चातो नावाचं पिवळं कुत्रं.
सोबत नात, येसेनिया. तिच्या फोनमध्ये
पोट टेकवून बसलेल्या गाड्यांचे फोटो.

"एअर बॅग घेऊ, आजोबा.
बटण दाबलं की बसते, बटण दाबलं की उठते."
"माझ्यासाठी असलं बटण मिळालं
तर आधी ते घे," म्हातारा म्हणाला.

मी कॅटलॉग उघडला.
पुढे स्पिंडल बदलायचे. दोन इंच, स्प्रिंगला हात न लावता.
स्प्रिंगच कापून देणारेही आहेत गावात,
त्यांची गिऱ्हाइकं मी खिळखिळ्या दातांवरून ओळखतो.
मागे फ्लिप किट: कमानपाट्याखालचा अ‍ॅक्सल पाट्याच्या वर,
एका दमात सहा इंच,
पण मग चासीला खाच पाडावी लागते.
"कापायचं नाही," तो म्हणाला.
"मला कापलं दोनदा. पुरे."

मग त्यानं सुतळी पसरली.
एका टोकापासून दोन गाठी.
"ही खालची. आमच्या वाटेच्या मधोमध गवताचा कणा आहे,
कण्यात एक दगड. भावानं आणि मी
सत्तर साली पहार लावली त्याला.
दगड आहे अजून."
भावाचं तो काही बोलला नाही.
"आणि ही वरची.
अंगणातल्या बाकाएवढी.
तिथवर माझा डावा पाय ऐकतो.
त्याच्या वर गेलं की परक्यासारखं करतो."

मी टेप घेऊन बाहेर गेलो, दाराखाली वाकलो.
गाडीचा उंबरा बाकापेक्षा दोन बोटं वर,
म्हणजे एक लाकडी खोका, रोज,
आणि खोका धरायला येसेनिया, रोज.
हे तिनं सांगितलं नव्हतं.
तिच्या जीन्सच्या गुडघ्यावर खोक्याचा रंग होता.

"आमच्या वेळी," म्हातारा म्हणाला,
"किट कुठलं? हौद्यात वाळूची पोती टाकायची,
वर चार मित्र बसवायचे.
तेवढीच गाडी झुकायची, आणि पोरी बघायच्या."
"बघायच्या?"
"एक बघायची. नंतर तुझी आजी झाली."

मी पेन्सिल काढली. शॉक आखूड घ्यावे लागतील.
चाकं जुळवून घ्यावी लागतील, नाहीतर टायर
आतल्या कडेनं झिजतील, कुणाच्या लक्षातही न येता.
मागे चार इंचांचं शॅकल आणि हँगर सुचवलं.
त्यानं सुतळी पुन्हा बोटांत धरली, ओठ हलवत मोजलं.
"पुढे दोन, मागे तीन.
चौथा इंच सरपण बसवेल."

आपल्याकडे उतारवय म्हणतात त्याला.
मी आजवर उतार विकला तो पोरांना,
रस्त्याला खेटून मिरवायला.
त्या दिवशी पहिल्यांदा पावतीवर लिहिलं
आणि हात जरा थांबला.

शनिवारी गाडी जॅकवरून उतरली.
त्यानं दार उघडलं, हँडलला हात लावला नाही,
डावा पाय उचलला,
आणि आत बसून शिवी दिली, कुणाला ते कळलं नाही.
येसेनिया खोका हातात घेऊन उभी.
कुठे ठेवावा, तिला सुचेना.

चातो मात्र नाराज.
दुपारची झोप तो गाडीखाली घ्यायचा.
दोनदा नाक घालून पाहिलं, पाठ लागली,
मग गॅरेजच्या भिंतीशी गेला,
तिथली सावली हुंगली,
आणि बसायच्या आधी बराच वेळ
गोल गोल फिरत राहिला.