सत्तर हिवाळे

तीस वर्षं मी बोटीवर तिकिटं फाडली,
मुख्य भूमी ते हीयुमा, हीयुमा ते मुख्य भूमी.
आता कागद फाटू नये म्हणून श्वास धरतो.

काम सोपं वाटलं होतं.
बेटावरची जुनी पुस्तकं, ज्यांच्यावर आता कुणाचा हक्क नाही,
म्हणजे सगळ्यांचाच आहे,
त्यांचं पान न् पान उजेडाखाली धरायचं, इतकंच.
पण पुस्तकं चर्चच्या माळ्यावर,
स्कॅनर शाळेत,
जुना काटेरी टाइप वाचणारा डोळा तिसऱ्याच गावी,
आणि मधे गुडघाभर बर्फ.

उंबरे झिजवले.
पाळक एन्देल म्हणाले, पुस्तकं इथून हलणार नाहीत.
मुख्याध्यापिका पिरेत म्हणाल्या, यंत्र इथून हलणार नाही.
उको, जन्मभर खिळे जुळवलेला म्हातारा,
काहीच म्हणाला नाही. चहा दिला. दार लावून घेतलं.
दोन महिने माझं घोडं तिथेच पेंड खात होतं.

मग एका शनिवारी पाळकांची शेगडी विझलेली दिसली.
मी पुतण्याला सांगून बर्चची गाडीभर लाकडं टाकली.
ऊब आहे म्हटल्यावर पिरेतबाई मुलांना पाठवायला राजी झाल्या,
मुलांनी यंत्र घोंगडीत गुंडाळून घसरगाडीवर ओढत आणलं,
आणि मुलं अक्षरं चुकीची वाचतात हे कानावर जाताच
उको स्वतःहून आला, तणतणत.
करार म्हणाल तर एवढाच.
सही कुणाचीच नाही. राख मात्र सगळ्यांच्या बुटांना.

एकेचाळीस पुस्तकं झाली.
बेचाळिसावं अडलं.
मधमाश्या कशा पाळाव्यात, लेखक मिहकेल वाहेर,
छापल्याचं साल आहे, जन्माचं आहे,
मृत्यूचा रकाना कोरा.
कायदा विचारतो: हा माणूस जाऊन सत्तर वर्षं झाली का?
एक्केचाळीसच्या जूनमध्ये त्याला ट्रकमध्ये घालून नेलं,
एवढंच गावाला ठाऊक.
नेणं म्हणजे जाणं नव्हे.

त्याची मुलगी साल्मे अजून आहे, दिव्याच्या टोकाला राहते.
माझ्याकडून कधी तिने परतीचं तिकीट घेतलं नव्हतं,
बेट सोडलंच नव्हतं तिने.
मी टोपी हातात घेऊन उभा. कसं विचारणार?
तुमचे वडील नक्की मेलेत ना, बाई?

तिने मेणाचा डबा काढला. आत दोन कागद.
"हा सत्तावन्नला आला. म्हणतो, चव्वेचाळीस, न्यूमोनिया.
हा एकोणनव्वदला. म्हणतो, बेचाळीस. कारण लिहिलेलं नाही.
पहिला मी आईला दाखवला नाही.
ती रोज संध्याकाळी एक बशी जास्त मांडायची,
मी रोज ती धुवायचे. कोरडीच असायची, तरी धुवायचे.
दुसरा आला तेव्हा दाखवायला आई नव्हती."

मी हिशेब केला. जीभ चावत का होईना, बोललो:
कायद्याला दोन्ही चालतात.

"मला एकही चालत नाही," ती म्हणाली,
आणि दोन्ही कागद माझ्या हातात दिले.

पुढच्या शनिवारी ती आली, पाळकांच्या गाडीतून.
उकोने तिला स्वतःची खुर्ची दिली, हे आधी कधी झालं नव्हतं.
एकसष्टावं पान. समासात पेन्सिलीने काढलेल्या माश्या, सहा,
डुगडुगत्या, एकीला तर चेहरा.
पिरेतबाईंच्या वर्गातल्या मुलाने विचारलं, "हे पुसून टाकू का?
संगणकावर एका क्लिकने जातं."
कुणीच उत्तर दिलं नाही. लाकूड तडतडलं.

साल्मेने चष्मा काचेला टेकवला,
बोटाने एकेक मोजत गेली, ओठ हलत होते.

"पाय चारच काढलेत," ती म्हणाली.
"तेव्हाही ते रागावले होते.
राहू दे."