डावा कान मोठा

भाच्यानं कूर्गहून आणलं ते एक पान,
ओल्या रुमालात गुंडाळून, डब्याच्या वरच्या कप्प्यात.
रोप नाही. पानच.
म्हणाला, मामा, बेगोनिया आहे, पानावरनं येतं.
तिकडच्या रानात झाडांच्या पायाशी
यांचीच दाटी, हजारांवर जाती,
वरच्या फांद्यांनी खाऊन उरलेल्या
उष्ट्या उजेडावर जगणाऱ्या.

इथं दाजी पेठेत त्रेचाळीस अंश.
उजेड उष्टा करायला वर झाड कुठलं,
पत्रा आहे.

नरसव्वानं ब्लेडनं पानाच्या शिरा चिरल्या
आणि ते सरकवलं तेंदूपत्त्याच्या ओल्या बारदानाखाली,
उद्याच्या हजार विड्यांची पानं भिजत होती तिथं.
पत्त्यावर पाणी मारताना
याच्यावरही दोन थेंब.
विसाव्या दिवशी चिरेवर
मोहरीएवढं हिरवं.
"आकु," ती म्हणाली, माहेरच्या तेलुगूत,
जणू बाळाला हाक.

आमच्या घरात दोन्हीकडे पत्तेच:
तिचे तेंदूचे, माझे जकार्डचे.
एकतीस वर्षं भोकं पाडतोय.
कमळ अर्धं काढायचं, कलश अर्धा,
उरलेलं माग स्वतःच उलटून विणतो.
मी आयुष्यात अख्खा मोर काढलेला नाही.

पान मोठं झालं तसं आलेखाच्या कागदावर ठेवलं,
मधल्या शिरेवर घडी घातली.
जुळेना.
एक बाजू बाहेर, सशाच्या कानासारखी.
घरं मोजली: डावीकडे बत्तीस, उजवीकडे एकोणीस.
पुन्हा मोजली. तेवढीच.

गाजूल शेठ म्हणाले, काय बे मास्तर,
दुप्पट पत्ते लागतील की याला, पैसे कोण तुझा भाचा देणार?
खरं होतं त्यांचं.

दिवाळीच्या सुट्टीत माग रिकामा होता.
स्वतःच्या पैशानं पुठ्ठा आणला,
एकच टॉवेल विणला, त्यात एकच पान, अख्खं,
बत्तीस आणि एकोणीस.
दुकानात ठेवला. गिऱ्हाईक उलटंसुलटं करून बघायचं,
म्हणायचं, चुकलंय की हो, एका बाजूला ओढलंय.

आता तो नरसव्वाकडे आहे.
बारदान फाटलं, म्हणून
भिजवून तोच टाकते पत्त्यावर.
त्याच्याखाली सध्या तीन पानं,
शिरा चिरलेली.
एक शेजारच्या यल्लूबाईला द्यायचंय.