दोन सूत

साडेदहा इंच सांगितलं होतं, शिवण धरून.
नऊ जणींनी नऊ चौकोन दिले,
त्यांत साडेदहाचा एकही नाही.

फरशीवर मांडून बघते.
शमीम परकारांचा एका अंगानं फुगलाय,
उरेब कापड ओढून शिवलं की असंच होतं.
वैजूचा अकराच्याही वर. तिला हात आखडता घेता येत नाही,
चहाला बोलावते आणि जेवूनच पाठवते.
तळमजल्यावरच्या भाभींचा चौकोन कसला, पतंग आहे,
शेपूट लावलं तर सोहारच्या किनाऱ्यावर उडेल.

माझे वडील तालुक्याला मोजणीदार होते.
हातभर बांधापायी सख्ख्या भावांत निघालेले कोयते
त्यांनी साखळी हातात धरून पाहिले.
म्हणायचे, समोरासमोरच्या बाजू जुळल्या
म्हणून कागदावर सही करू नये.
कर्ण मोजावेत. दोन्ही. मग बोलावं.

मी कर्ण मोजते,
लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर,
या देशात, जिथं माझ्या नावावर
कुंडीतली मातीसुद्धा नाही.

युसुफनं वाफेची इस्त्री दिली आहे, दुपारच्या सुट्टीपुरती.
पाण्याचा हबका मारायचा, कोपरे हलके ओढून टाचण्या लावायच्या.
इस्त्री घासायची नाही,
ठेवायची, उचलायची. ठेवायची, उचलायची.
निम्मे तिथंच शहाणे होतात.
उरलेल्यांना गुण्या आणि कात्री.
वैजूच्या चांदणीचं एक टोक गेलं.
सांगणार नाही तिला.

आणि हा नववा.
साडेनऊला दोन सूत कमी.

निन्फाचा. दुसऱ्या मजल्यावर कामाला होती.
भांडी आवरून रात्री स्वयंपाकघरातच शिवला,
पट्टी नव्हती म्हणून वितीनं मोजून.
तिची वीत केवढी ती!
पोराच्या फाटक्या पायजम्याची शिडाची जहाजं,
आणि टाके इतके बारीक
की माझ्या मशीननं मान खाली घालावी.
ऑगस्टमध्ये जिन्यात हातात दिला, खुबूसच्या पिशवीत गुंडाळून.
सप्टेंबरात त्या गॅलरीत
दुसरीच कुणी कपडे वाळत घालत होती.
आम्ही विचारलं नाही.
नंबर कुणाकडेच नाही.

नियमानं बघायचं तर सोपं आहे:
सगळ्यांत लहान तुकडा ठरवतो
बाकीच्यांनी किती उरायचं ते.
पट्टी ठेवून पाहिली. सगळ्या चांदण्या बोथट,
शमीमबाईंची किटली कानाशिवाय.
आणि ही गोधडी लीलाम्माची आहे,
आमच्यातल्या सहा जणींची पोरं
आधी तिच्या हातात रडली, मग आमच्या.
सव्वीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात.
तीस तारखेला विमान, सामान तीस किलो.

युसुफकडे एक फळी आहे, न नेलेल्या कपड्यांची.
निळ्या रेघांचा एक सदरा, घडी घातलेला, चिठ्ठीसकट.
“घ्या दीदी,” म्हणाला, “सात महिने झाले.
फोन लागत नाही.”

त्याच्या बाहीच्या चार पट्ट्या काढल्या,
जहाजांच्या चारी बाजूंनी जोडल्या.
रेघा सरळ, म्हणून कापताना आधार.
आता बाहेरून बरोबर,
चारी बाजू सव्वादहा, बाकी आठांसारख्या.

कर्ण मोजते.
एक दुसऱ्यापेक्षा दोन सूत जास्त.

वडिलांनी हा नकाशा परत पाठवला असता.
पुन्हा मोजा, लाल शाईनं.
मी एकदा उसवायला घेतला,
चार टाके काढले, पाचव्याला सुई घुटमळली.
तिनं आत जहाजंच जराशी कलती शिवली आहेत,
मुद्दाम की अंधारामुळे, आता कोण सांगणार.
काढलेले चार टाके पुन्हा घातले.
माझे तिच्याएवढे बारीक येत नाहीत, दिसतं ते.

मधोमध नाही लावत त्याला.
लीलाम्मा विचारील कुणाचा,
आणि आम्ही आठ जणी एकमेकींकडे बघू.
वरच्या डाव्या कोपऱ्यात लावते,
जो पहाटे गारठा पडला की
झोपेतच मुठीत धरून माणूस वर ओढतो.

खालून हाक येते,
“दीदी, इस्त्री!”