श्वास धरा

तीस वर्षं मिशन हॉस्पिटलच्या तळघरात
मी एकच वाक्य म्हणत आलो:
श्वास घ्या. धरा. हलू नका.
लाल दिवा विझला की, सोडा.
देवाशीही बहुतेक याच भाषेत बोललोय,
फक्त तिथे 'सोडा' कोण म्हणतं
ते अजून नीट ऐकू आलेलं नाही.

बरगड्या मोजल्यात मी हजारोंच्या,
सदरच्या वकिलांच्या, कामठीच्या विडी वळणाऱ्या बायांच्या.
बाप्याच्या बारा, बाईच्याही बाराच, दोन्ही बाजूंनी.
हे एकदा पाळकसाहेबांना सांगितलं
लग्नाच्या प्रवचनानंतर, पुलावाच्या रांगेत.
म्हणाले, येशुदास, मोजायचं सोडा, जेवा.
कुमुद आठवडाभर हसत होती.
खरं सांगू, त्या हसण्यात एक बरगडी माझी आहे.

हिरामण ढोके मात्र सगळं मोजून घ्यायचा.
इंदोऱ्याचा. शाळेपासूनचा.
वैशाखी पौर्णिमेला त्याच्याकडची खीर आम्हाला,
नाताळला आमच्या करंज्या त्याला.
"तुमचा देव बे, नुसता माफच करून राह्यला.
हिशोब कोन ठेवते?"
मी दरवर्षी उत्तर तयार ठेवायचो.
दरवर्षी तो आधी करंजी उचलायचा.

मग एका मे महिन्यात, नागपूरच्या मे महिन्यात,
तो खोकत आला आणि माझ्या यंत्रासमोर उभा राहिला,
बनियन काढून, हनुवटी वर,
शाळेत उंची मोजायचे तसा.
श्वास घे. धर.
ओल्या फिल्मवर उजवीकडे, वर,
एक ढग. रुपयाएवढा.
"काय दिसलं?"
"डॉक्टर सांगतील."
पस्तीस वर्षांची मैत्री,
आणि तोंडातून निघालं ते भिंतीवरच्या पाटीचं वाक्य.
डॉक्टर चार दिवस रजेवर होते.

त्या रात्री जेवणाआधी उपकार मानताना
भाकरीचं नाव घेतलं, पाण्याचं घेतलं,
कुलरच्या वाऱ्याचंही घेतलं.
त्याचं घेता येईना.
अनुग्रहा नऊ वर्षांची. "पप्पा, मधेच का थांबलात?"
शमू म्हणाला, "देवाचा फोन एंगेज असेल."
मी त्याला रागावलो.
कुमुदनं मला काही न विचारता वाढलं.

सहा महिने गोळ्या.
दर रविवारी उपासना सुटली की डझनभर अंडी इंदोऱ्याला,
स्कूटरवर मागे शमू, अंडी मांडीवर,
खड्डा आला की दोघंही श्वास धरायचो.
एकही फुटलं नाही असं म्हणणार नाही.
हिरामण दारातच मोजायचा. "अकरा."
"बारा घेतली होती."
"अकरा बे."
पण चार दिवस तू गप्प का होतास,
हे त्यानं कधी विचारलं नाही.
तो बरा झाला. जाड झाला. सुनेला बोलू लागला.
माफी मागायची असेल
तर माणूस बरा झालेला असणं मोठं अडचणीचं.

शमू आता पुण्याला. चर्चला जात नाही.
फोनवर सरळ सांगतो.
त्याचं सरळ सांगणं मला आवडलं,
हे मी पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही.
त्याच्यासाठी प्रार्थना करतो तेव्हा
काय मागायचं तेच ठरत नाही:
तो परत यावा, की मी जातो तिथे
तोही कधी येऊन गेला होता, एवढं त्याला आठवावं.

परवा आला होता.
कुलरचं गवत आम्ही दोघांनी बदललं,
हातांना बारीक ओरखडे,
जुन्या गवतात एक मेलेली पाल.
रात्री हिरामणही जेवायला.
कुमुद म्हणाली, "आज शमू म्हणेल."
कोणी हललं नाही.
हिरामणनं, ज्याचा यावर विश्वास नाही त्यानं,
टोपी काढून मांडीवर ठेवली.
"वांग्याची भाजी आहे," शमू म्हणाला,
"हिरामणकाका आहेत.
आमेन."

डोळे उघडेच होते त्याचे.
मला कसं कळलं म्हणाल,
तर माझेही होते.
हिरामणनं भाकर मोडली
आणि विचारलं, "कांदा कुठी हाय बे?"