सहावं घर रिकामं

वामनकाका फेगडे वर्षातून एकदा
तिला ट्रंकेतून काढतात, परवान्याच्या कागदासकट.
आजोबांची सहाबारी. ठासणीची.
नळीवरची वेल बोटांनी झिजलेली,
मूठ शिसवी, आणि वजन
किलोच्या मापाला थोडं जास्त.

पौषातली सकाळ. अंजाळ्याच्या खालच्या अंगाला
तापीनं कापलेली पिवळ्या मातीची दरड,
तीन पुरुष उंच.
मागे कोणी नाही, वर कोणी नाही,
सिकंदर तडवी दोनदा चढून बघून आले.

मला बोलावलं ते माझ्या हातांसाठी.
यावलला बावीस वर्षं औषधांचं दुकान,
पुड्या बांधून बांधून बोटांना माप कळतं.
"मंग तूच मोज," काका म्हणाले,
"आमचे हात आता आमचं ऐकत नाहीत."

चापाच्या वर असतो तो घोडा.
घोड्याच्या तोंडाखाली टोपी.
आणि चक्रीतल्या प्रत्येक भोकाला म्हणायचं घर.
दारू घरात जाते.
सिकंदरभाई हसले: "घरोघरी हेच चाललंय, बाई."

पाचच घरं भरायची.
सहावं रिकामं, घोड्याला निजायला.

काळी दारू, वर चिमूट रवा,
हो, शिऱ्याचाच, बारीक.
मग गोळी. भोईवाड्यातल्या जुन्या जाळ्यांचं शिसं
सिकंदरभाईंनी पळीत वितळवून ओतलेलं.
दट्ट्या दाबला की गोळी घरात शिरते
आणि कडेनं एक अंगठी उतरते,
केसाएवढी, चकचकीत.
वरून मेण आणि तिळाचं तेल,
बाळाची टाळू भरावी तसं,
एका घरची आग दुसऱ्या घरी जाऊ नये म्हणून.

समोर काठीला टांगली बामणोदची वांगी,
भरताची, हिरवी, पांढऱ्या रेघांची.

घोडा मागे ओढला. चक्रीनं कूस बदलली.
आवाज मला वाटला होता तसा नव्हता,
फटाक्याचा तर नव्हेच.
कोणी छातीवर तळवा ठेवून
सावकाश ढकलावं, तसा.
मग धूर.
पांढरा, मेंढीएवढा, नासक्या अंड्याच्या वासाचा.
दरड गेली, वांगी गेली, काका गेले.
लागलं की नाही ते कळायला
वाऱ्याची वाट बघायची,
आणि वारा तापीवरून येतो, त्याच्या सवडीनं.
खरं सांगते, मला तेच आवडलं.
दुकानात सगळ्यांना गुण लगेच हवा असतो.

तिसऱ्याला टोपी वाजली, बार नाही.
"हलू नको," काका हळूच.
नळी दरडीकडे, तशीच.
मी मनात आकडे मोजले.
खंड्या पाण्यावर उतरला, वर गेला.
कुठंतरी केळीत पंप सुरू झाला.
एकोणसाठ. साठ.
भीती वाटत होती, आणि हसूही येत होतं,
कीर्तनात येतं तसं, आवरता न येणारं.
नवी टोपी बसवली. मग गेला,
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा,
जरा जास्तच मोठ्यानं.

पाचवा धूर विरला.
वांगी जिथल्या तिथं, तकतकीत.
एक तेवढं डोलत होतं, तेही वाऱ्यानं.
दरडीत पाच भोकं.
"तापीला तरी लागलं ना," सिकंदरभाई म्हणाले.

पऱ्हाटीच्या जाळावर पाचही भाजली.
राखेनं हात घासले, तरी नखं काळीच.
कळण्याची भाकरीही काळी. चाललं.

संध्याकाळी चक्री कढत पाण्यात, साबणात.
पाणी काजळ झालं, फेकलं, पुन्हा काजळ झालं.
पाच बारांना पाच क्षण, पुसायला दिवेलागण.
काका म्हणाले, हीच तर मजा आहे,
आणि तेलाचं कापड माझ्याकडे दिलं.

सोमवारी पहिलं गिऱ्हाईक प्रमिला सरोदे.
खोकल्याचं औषध मागता मागता नाक वर केलं:
"दिवाळी होऊन गेली ना, वं?"
मी बाटली दिली, सुटे पैसे दिले.

गल्ल्यात पाच अंगठ्या होत्या.
ती गेल्यावर काट्यावर ठेवून पाहिल्या.
काट्यानं शून्य दाखवलं.
पुसून पुन्हा ठेवल्या.