पाच थेंब, डाव्या कुशीवर

तात्या, डाव्या कुशीवर व्हा.
उजवा कान वर. हां, असे.
बाटली मघापासून मुठीत धरून बसले आहे,
थंड थेंब आत गेला की घर गरगर फिरतं म्हणून.
अंगाच्या उबेइतकं तेल, त्याहून गरम नाही.

घणसोली, माथाडी वसाहत, तिसरा मजला,
रात्रीचे साडेनऊ.
याच कानाला टेकून एकतीस वर्षं
तुर्भ्याच्या मार्केटात गोणी गेली,
ब्याडगी, संकेश्वरी, राजापुरी हळद, धणे.
माल वखारीत पोचला, भुकटी कानात राहिली,
असं आई म्हणते.
कोपरखैरण्याच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं, हसले.
मिरचीबिरची काही नाही हो, नुसता मळ.
पडदा शाबूत आहे, कान वाहत नाही,
पाच रात्री तेल सोडा, मऊ पडेल.
दुखलं किंवा वाहिलं तर बंद करा, इकडे या.

आणि कोरू नका.
हे दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा डाव्या कानाशी वाकून.

घरी आल्यावर मी झडती घेतली.
उशाखाली आईची केसांतली पिन,
खिशात आगपेटीच्या दोन काड्या, गुल तोडलेल्या,
आणि विकलेल्या स्कूटरची किल्ली,
जी कशासाठी जपून ठेवली होती ते आत्ता कळलं.
सगळी हयात हुकावर काढलेला माणूस.
अडलं की हूक मारायचा, ओढायचं.
इथं नाही चालत ते, तात्या.
काडी घातली की मळ आत ठासतो,
टेम्पोत शेवटची गोणी
तुम्ही गुडघ्यानं बसवायचात ना, तसा.

एक. दोन.
पाळी जरा वर, मागे. तीन. चार. पाच.
आता दहा मिनिटं हलायचं नाही.
"बुडबुडं वाजत्यात गं," तात्या म्हणाले,
"खाडीत मुंडकं घातल्यावानी."

आई शेजारी वाटाणे सोलत, बोलत होती.
ती नेहमी त्यांच्या उजव्या अंगाला बसते,
ताटावर, टीव्हीसमोर, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा.
मला वाटायचं, पंख्यासाठी.
पण तो बंद कान तिचा कोनाडा होता,
वर्षानुवर्षं एकेक आणून ठेवायचा:
बंदच्या दोन महिन्यांत मोडलेल्या पुतळ्या,
पाटणला आईच्या दहाव्याला जाता आलं नाही ते,
कधी नुसतंच, "तुमाला काय."
मोठ्यानं नाही. शेंगा सोलण्याच्या आवाजाइतकं.

सहाव्या सकाळी
अंघोळीच्या कोमट पाण्याखाली मान कलती धरली,
पिचकारी नाही, जोर नाही,
आणि टॉवेलवर आला जुन्या गुळाचा असावा तसा
एक काळपट खडा.
तात्या बराच वेळ बघत राहिले त्याच्याकडे.
मग वर.
"ह्यो पंखा कवाधरनं कुरकुरतोय?"
तीन वर्षं, तात्या.
"आन् मी एवढ्यानं वरडतो?"

त्या रात्री आई सवयीनं
तिच्या जागेवर बसली.
आज मेथी होती.
निवडता निवडता पुतळ्यांवर आली,
सातही पुतळ्या, कुठल्या सोनाराकडे, किती वाजता,
दुकानाबाहेर तुम्ही उन्हात कसे उभे होता,
आत का आला नाहीत.
तात्यांच्या हातातला पेपर
त्याच पानावर थांबला.
आईनं पाहिलं नाही.
मी पाहिलं, कानाची पाळी हळूहळू लाल होताना.

मग ते ओरडले, अगदी आधीसारखे,
"काय म्हंतीस? काय ऐकू येत न्हाई बग!
पोरी, आजून राहिलंय आत. सोड थेंब."
आणि आपणहून डाव्या कुशीवर झाले,
उजवा कान वर, आईच्या बाजूला.

मी बाटली मुठीत धरली.
टोपण काढलं नाही.
पाच मोजले.
आई बोलत राहिली.